इटलीहून आणलेली चाल

लढाईवर जाण्याआधी आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात राजा मीच असायचो. उंची होती, आवाज होता आणि मिशा तर होत्याच. चव्वेचाळीस साली इटलीत डाव्या पायात गोळी शिरली. पाय वाचला, पण आखूड झाला. लंगडा राजा कोण बघणार? इस्पितळात पडल्या पडल्या दुखण्यापेक्षा मला याचंच वाईट वाटायचं.

तिथं एकदा दुपारी भिंतीला चादर बांधून आम्हाला इटालियन सिनेमा दाखवला. त्यातला नट एक पाय ओढत चालायचा आणि तो पुढं चाललाय की मागं, हेच कळायचं नाही. भाषेचं अक्षर समजत नव्हतं, तरी अख्खा वॉर्ड पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी मी अंथरुणं झाडणाऱ्या इटालियन म्हाताऱ्याला गाठलं. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्यानं त्या नटाची हकिकत सांगितली. न्हाव्याचा मुलगा. फिरत्या नाटक कंपनीत देखण्या नायकाची कामं करायचा. एकदा रंगमंचावरून कोसळला, पाय कायमचा अधू झाला, कंपनीनं घरी बसवलं. हा पठ्ठ्या त्याच पायानं परत आला, लोकांना हसवायला. पुढं सिनेमावाल्यांनी उचललं आणि आता तिथली शेंबडी पोरंही त्याच्यासारखी चालून दाखवतात. यात खरं किती आणि म्हाताऱ्याच्या पदरचं किती, देव जाणे. मला तेवढं पुरेसं होतं. कुबड्या सुटल्यावर मी वॉर्डातच ती चाल घोटवू लागलो.

मलकापूरपलीकडच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा जत्रा तोंडावर आली होती. आई माझ्या पायाकडं बघून सारखी डोळे टिपायची. मी सरळ नाटकाच्या कारभाऱ्यांकडं गेलो आणि म्हणालो, "औंदा राजाचा हुजऱ्या मी. लोकांस्नी हसवायचं काम माझं."

ते चपापले. "आरं, लढाईतली जखम हाय ती. तिला कोन हसंल?"

"लोकं न्हाई हसली, तर पुन्यांदा नाटकाच्या फळीवर पाय ठेवणार न्हाई," मी म्हणालो. बोलण्यात ताठा होता, आतून मात्र टरकलो होतो.

नाटकाच्या दिवशी पाय ओढत फळीवर आलो आणि नको तेच झालं. आमच्या गावात घरटी एक फौजी. पुढं बसलेले पेन्शनर सुभेदार ताडकन उठले आणि त्यांनी मला सलाम ठोकला. त्यांच्यामागं सगळी फौजी मंडळी उभी राहिली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला असा राग आला म्हणता! हुजऱ्याला कुणी मान देतं का?

मग मीही कडक सलाम ठोकला. आखूड पायावर भार पडला, मी तिरका झालो आणि हात गेला तो थेट राजाच्या पगडीला. ती घसरली आणि माझ्या जागी राजा झालेल्या चुलतभावाचे डोळेच झाकले. त्याची माफी मागायला मी त्या इटालियन नटाच्या चालीनं पुढं निघालो आणि मागं पोचलो. सुभेदार अजून सलामातच. त्यांना म्हणालो, "आवं सुभेदार, बसा की आता. तुमी हुभं हायसा तवर मला पडता येत न्हाई."

सुभेदारांच्या मिशा हलल्या. कपाळावरचा हात खाली आला तो पोटावर गेला आणि ते मटकन बसले, हसत. मग सगळं गाव हसत सुटलं. बायकांच्या गर्दीत माझी आई शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून खदाखदा हसत होती. फक्त तिच्यासाठी मी आणखी एकदा पडलो.