मामेसासऱ्यांच्या टोपीतलं पान

आमच्या मामेसासऱ्यांइतका पानांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नाही आणि होणारही नाही. पानं म्हणजे विड्याची नव्हेत हो. विड्याला ते शिवतही नसत. पानं भुईमुगाची, मुगाची, तिळाची. टोपीच्या घडीत कायम एखादं रोगट पान खोचलेलं, आणि देवळात टोपी काढली की ते नेमकं देवापुढे पडायचं! भुसावळच्या गाडीत खिडकी मिळाली की संपलंच. "हाऊ मूग गया! बठ्ठा पिवळा पडना!" सगळा मूग गेला, असं ते इतक्या कळवळ्याने ओरडत, की शेजारची बाई दचकून आपलं पोर पोटाशी धरायची. पंगतीत बसले तर पत्रावळीची पळसपानं उलटीपालटी करून बघत, आणि वाढपी बिचारा वरणाची पळी धरून ताटकळत उभा.

स्वराज्य नुकतंच आलं होतं तेव्हा. मामा भडगावहून आपल्या भाचीची सोयरीक घेऊन धुळ्याजवळच्या आमच्या गावी आले. मुलगी मी एका लग्नात आधीच पाहिली होती आणि पुरता गारद झालो होतो. आईने पोहे केले, बैठक घातली. मामा मात्र दारातूनच शेताकडे वळले. म्हणाले, "पोर देसूत, पन पहिले पान देखसूत!"

आमच्या भुईमुगाच्या पानापानावर तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कडी. माझे वडील, आबा, छाती फुगवून म्हणाले, "डाग पडनात म्हनजे शेंगा भरन्यात, मामा!" गावात सगळेच असं समजत. मामांनी एक झाड उपटलं. शेंगा कसल्या, नुसत्या चिमलेल्या पोचट!

"हाऊ टिक्का रोग शे," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "जेले पानवरना डाग दिखत नही, तेले पोरना डोयामधलं पानी काय दिखाई?"

झालं! पोरीच्या डोळ्यांतल्या पाण्याचं ऐकून आबा संतापून घरी निघून गेले. मी मात्र मामांची वाट अडवली. "काय करू ते सांगा."

"सकायमा पानवर दव ऱ्हास, तवय गंधक झटक. तू सवता. मंग देखसूत."

मग काय विचारता! रोज सकाळी दव असतानाच फडक्याच्या पोटलीतून गंधकाची भुकटी झटकत मी सरीसरीने हिंडायचो. डोळे चुरचुरत, अंगाला असा वास, की आई मला ओसरीवरच जेवायला वाढी. आणि जुने डाग काही जाईनात! सोयरीक गेलीच, असं वाटून जीव नुसता खालीवर. मामा आले, त्यांनी जुन्या पानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेंड्याचं कोवळं, स्वच्छ पान खुडलं, उलटून पाहिलं आणि टोपीत खोचलं.

"कुकू लावा," म्हणाले. सोयरीक पक्की!

पुढे दर भादव्यात ते आमच्या शेतावर यायचे. मग हळूहळू त्यांची नजर गेली. तरी एका सकाळी काठी टेकत आले, बांधावर बसले, पान बोटांनी चाचपलं आणि भाचीला विचारलं, "डाग शेत का वं, पोरी?"

डाग होते. पण मामांच्या त्या पांढुरक्या बुबुळांकडे बघून माझ्या बायकोला ते सांगवेना. "नही मामा, बठ्ठं साफ शे."

मामा हसले. "पान नही दिखत माले. पन तुन्हा डोयामधलं पानी अजून दिखस." मग माझ्या दिशेने हात केला. "जवाई, पोटली आना."

मी आणली. त्यांनी ती हातातून काढून घेतली आणि अंदाजानेच झटकू लागले. थोडं गंधक पिकावर, बाकी सगळं माझ्या अंगावर. मी जागचा हललो नाही.