साहेब येणार म्हणून

नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा आण्णा मला सोडायला ताडकळसच्या स्टँडवर आले होते. एसटी सुटताना म्हणाले, "शेताचा घोर लावून घेऊ नको. ते काय कुटं पळून जायलंय?"

गेल्या भाद्रपदात ते गेलं. नाल्याचं पाणी दोन दिवस शेतातून वाहिलं आणि शेंगा भरलेलं निम्मं सोयाबीन, त्याखालची काळी माती घेऊन गेलं. खालचा मुरूम उघडा पडला. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात 'क्लायमेट वीक' होता. प्रत्येकाच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या कुंडीत एकेक रोप, आणि हिरवे टी-शर्ट घालून ग्रुप फोटो. फोटोत मीही हसते आहे. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

तिकडे गावी पंचनाम्याला साहेब येणार असा निरोप आला. घरी कुणी यायचं म्हटलं की आपल्याकडे आधी अंगण सारवतात. आई-आण्णांनी शेत आवरलं. उरलेलं, कुजलेलं सोयाबीन उपटून बांधापलीकडे टाकलं, घळी टोपल्या-टोपल्यांनी बुजवल्या, वरून वखर फिरवला. साठी उलटलेली माणसं चार दिवस राबली. साहेब आले, बांधावरूनच पाहिलं, चहा घेतला आणि लिहून गेले: नुकसान आढळले नाही.

फोनवर मी आण्णांवर ओरडले. ते एवढंच म्हणाले, "सायबाला असं उघडंनागडं रान दाखवावं का?" मग त्यांचा राग येईना. राग आला तो आभाळ नासवणाऱ्यांचा, ज्यांचं स्वतःचं काहीच वाहून जात नाही. त्यांच्यातच एसीत बसलेल्या माझाही आला. गाव सोडून पुण्या-मुंबईत, दुबईत गेलेल्यांनो, तुम्हीही स्वतःला वगळू नका.

रजा टाकून गावी गेले, फेरपंचनाम्याचा अर्ज दिला. "बघू," साहेब म्हणाले. निघताना आईला बजावलं, "पुढच्या टायमाला पानी वसरलं की कशालाच हात लावायचा न्हाई. आधी फोटू काढायचे." आईनं मान हलवली.

बस बरीच पुढे आल्यावर लक्षात आलं, 'पुढच्या टायमाला' हे मी किती सहज बोलून गेले, आणि आईनंही ते किती सहज ऐकून घेतलं. पूर्वी निघताना मी दिवाळीला येते म्हणायचे. आता घर म्हणजे पुढच्या पुराच्या सूचना देऊन मी जिथून निघून येते, ती जागा.