टेम्पोतली जागा

कोरेगावजवळच्या त्या गावात गौरी बसल्या की बायका हळदीकुंकवाला घरोघर जात, आणि क्रांतीच्या दारात चपलांचा ढीग सगळ्यांत मोठा असे. गौरींपुढे ती मांडायची त्या देखाव्यासाठी. देखावा दरवर्षी एकच: कापसाचा बर्फ, खेळण्यातले रणगाडे, मातीचे जवान. नवरा वीरधवल फौजेतून हवालदार होऊन परतलेला. विषय त्याचा, हात हिचे.

डोळे मात्र वर्षभर तिचे स्वतःचे असत. गिरणीत, डेअरीवर ती माणसं बघायची. उभ्या माणसाचं वजन कुठल्या पायावर पडतं, बशीतला चहा फुंकताना मान कशी वळते. घरी येऊन ते मूठभर मातीत उतरवून पाहायची, आणि कुणी यायच्या आत माती पुन्हा मळून टाकायची.

यंदा श्रावणात एका संध्याकाळी शेतातलं तण काढून, भांगलणीहून परतणाऱ्या बायकांचा टेम्पो फाट्यावर थांबला. बायका दाटीवाटीने बसलेल्या, पाय बाहेर सोडलेले. कडेला शेजारची बनुबाई दुसरीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंड उघडं, हातातलं खुरपं मात्र घट्ट. टेम्पो गेला तरी क्रांती तिथंच उभी राहिली.

"आवं, यंदा माझ्या मनाचं करते," तिने नवऱ्याला सांगितलं.

"कर की. तुला कोन अडवतंय?"

पुठ्ठ्याचा टेम्पो झाला, जुन्या लुगड्यांच्या चिंध्या झाल्या, शाडूच्या बायका झाल्या. झोपलेलीचा जबडा काही केल्या जमेना. शेवटी ओठ किंचित एका अंगाला ओघळले, तेव्हा त्या मातीला खरीखुरी झोप लागली. आजवर केलेल्या सगळ्यात तेवढंच एक आपलं आहे, असं क्रांतीला वाटलं. बनुबाईला तिने दारातूनच हाक मारली.

"मावशे, यंदा तू बसलीयास आमच्या गौरीम्होरं. बघाय ये."

"आत्ता गं बया! मग मला पन निवद दावनार का?"

गौरीजेवणाच्या दिवशी पोळ्या उरकून क्रांती हात पुसत बाहेर आली, तर महिला मंडळाच्या स्पर्धेच्या परीक्षक बायका देखाव्यापुढे उभ्या. टेम्पोत झोपलेली बाई नव्हती. तिच्या जागी गेल्या वर्षीचा जवान बसवलेला, टपावर तिरंगा, आणि बाकीच्या बायका त्याच्याकडे तोंड करून फिरवलेल्या.

"गौरीम्होरं झोपल्याली बाई?" सासू, शालूबाई, कानाशी पुटपुटली. "घरातली लक्ष्मी झोपंल. मीच म्हनलं त्याला, काढ म्हनून."

"रजेवर आलेला जवान आणि कष्टकरी भगिनींनी केलेलं स्वागत!" परीक्षक बाईंनी मोबाइल काढला. "कल्पना कशी सुचली?"

क्रांतीने तोंड उघडलं.

"मॅडम, उभी जवानी बॉर्डरवर गेली," वीरधवल म्हणाला. "आमाला सुचवावं लागत न्हाई." मग बायकोकडे पाहून खरोखरच्या कौतुकाने, "हिचा हात मात्र लय साफ हाय."

पहिला नंबर आला. वीरधवलने फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले. "बघ," तो म्हणाला, "नुसत्या टेम्पोला कुनी विचारलं असतं?" ते खरं होतं.

कामावरून येऊन, अंग धुऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बनुबाई आली. देखाव्यापुढे फतकल मारून तिने एकेक चेहरा न्याहाळला.

"ह्यातली मी कंची गं?"

"तू न्हाईस मावशे. वाळताना तडा गेला."

"जानारच. माझ्यात धड हाय काय?" ती हसली. मग पुन्हा वाकून जवानाकडे पाहिलं. "पोरगं झ्याक केलंयस. पन कडंला कशाला बसवलंस? ती जागा माझी रोजची हाय. वारं लागतं आन् डुलकी येती. पडंल की गं त्ये."

क्रांतीने तिला हळदकुंकू लावलं. कुंकू नाकावर सांडलं. बनुबाई ते पदराने पुसत उठली.

दारात ती चौकटीला धरून एका पायावर उभी राहिली आणि बोट घालून चपलेचा मागचा पट्टा टाचेवर ओढू लागली. वाकलेली पाठ, दुमडलेला गुडघा, भेगाळलेली टाच. क्रांतीला ते बघायचं नव्हतं. पण पदराखाली तिचा अंगठा, हातात माती असल्यासारखा बोटावर दाबत, त्या टाचेचा बाक शोधू लागला होता. तिने मूठ आवळली.