न उचललेला कॉल

आमच्या घरात फोन उचलणं हा गुन्हा होता. म्हणजे परक्याचा उचलायचा, पण आपल्या माणसाचा नंबर दिसला की आधी थांबायचं. एकदा वाजून बंद झाला तर सगळं ठीक आहे. दोनदा वाजून बंद झाला तर ये. कुठे ये, का ये, ते वेळ बघून आपलं आपण समजायचं. वाजतच राहिला तरच उचलायचा, कारण मग खरंच काहीतरी झालेलं असणार. लहानपणी मी एकदा उत्साहाच्या भरात पप्पांचा फोन पहिल्याच रिंगला उचलला आणि "हॅलो पप्पा" म्हटलं, तर पलीकडून काय यावं, "अगं उचललास कशाला? ठेव, ठेव." संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता आईला सांगत होते, "तुझी पोरगी खर्चिक निघणार बघ."

आम्ही विक्रोळी ईस्टचे, जुन्या सरकारी वसाहतीतल्या बिल्डिंगमधले. पप्पा इथल्याच एका कारखान्यात स्टोअरला आहेत. आमचं मूळ गाव बुलढाण्याकडे, आणि तिकडचा अख्खा गोतावळा मिस्ड कॉलवरच चालायचा. मोठ्या आत्याचा मिस्ड कॉल म्हणजे "तुम्ही फोन करा". मामाचा म्हणजे गाडीत बसलो. आणि चौदा एप्रिलला तर विचारू नका, पहाटेपासून फोन नुसता टुण टुण करत बंद व्हायचा, आणि त्यातला प्रत्येक मिस्ड कॉल म्हणजे जय भीम. आई ओट्याजवळ उभी राहून एका हाताने खीर ढवळायची आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांना उलट जय भीम पाठवायची. एक शब्द न बोलता. आणि ही बाई एरवी इतकी बोलायची ना. ब्लाऊज शिवायची ती, आणि माप द्यायला आलेली बाई चहा पिऊन, तिच्या सासूची पूर्ण हकीकत सांगून, माप द्यायचं राहूनच गेलं म्हणून परत यायची.

मग तिला स्ट्रोक आला. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालायला लागला, पण शब्द परत आले नाहीत. सगळं समजतं तिला. टीव्हीवर कोणी मूर्खासारखं बोललं की आधी ती हसते आणि मग आम्ही. पण बोलायला गेली की तोंडातून फक्त "अं" येतो. "हो"चा पण अं, "नाही"चा पण अं, आणि चिडली की लांब अं. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. किती, ते नाही म्हणाले.

घर चालायला तर हवं होतं. पप्पांची ड्युटी, माझी नुकती लागलेली नोकरी, आणि दिवसभर घरात ती एकटी. तेव्हा आमचा जुना मिस्ड कॉल कामाला आला. तिचा बटनवाला जुना फोन होता, तिनेच कधीतरी शिवलेल्या खणाच्या पिशवीत घालून तो गळ्यात अडकवला. दोनचं बटन दाबून धरलं की मी, तीनचं दाबून धरलं की पप्पा. डाव्या अंगठ्याला तेवढं जमायचं. एक रिंग, ठीक आहे. दोन रिंगा, या. कोणी काही शिकवायला लागलं नाही, तिला सगळं येतच होतं. दुपारी जेवली की एक. औषध घेतलं की एक. एकदा बाथरूमसमोर पडली तेव्हा दोन, आणि पप्पा कारखान्यातून धावत घरी.

आता माझी नोकरी. मी अंधेरीला मरोळमध्ये एका मोबाईल कंपनीच्या ऑफिसात आहे, आणि आमच्या टीमचं काम आहे जुनं टू-जी नेटवर्क हळूहळू बंद करणं. एका भागातले जुने फोनवाले नव्यावर आणायचे, मग तिथलं जुनं बंद, मग पुढचा भाग. मला हे काम आवडायचं. खरंच. रात्री जेवताना पप्पांना समजावत बसायचे की लोक व्हिडिओ किती बघतात आणि जागा कशी पुरत नाही, आणि ते "हं, भात घे" म्हणायचे.

एका मीटिंगमध्ये आमचे सर बोर्डसमोर उभे राहून नव्या लोकांना समजावत होते. सर भांडुपचे, समजावतात झकास. म्हणाले, "मोबाईलच्या लहरी म्हणजे जागा. मुंबईत जागेचा भाव काय ते तुम्हाला मी सांगायला नको. जुनं नेटवर्क म्हणजे स्टेशनला लागून असलेली बैठी चाळ. राहणारे थोडे, अडवलेली जागा मोठी. ती हलवली की तिथे चाळीस माळे चढतात. आशियात सगळीकडे हेच चाललंय. लोक डेटा खातात भरपूर, पण जास्त पैसे द्यायचे म्हटलं की दुसऱ्या कंपनीत जातात. मग आपण कमवायचं कुठून? असलेल्या जागेतून."

आमच्या स्वतःच्या बिल्डिंगीत त्या आठवड्यात बिल्डर येऊन गेला होता, त्यामुळे माझ्या तोंडून पटकन गेलं, "सर, चाळवाल्यांना तोवर राहायला ट्रान्झिटची खोली तरी देतात ना?"

"देतोय की. फोनवर सूट देतोय, फोन करून सांगतोय, म्हाताऱ्यांच्या घरी माणूस पाठवतोय. अजून काय पाहिजे तुला, सोफा?"

सगळे हसले. मी पण हसले.

"फक्त हे एवढे सोडून," सर बोर्डच्या एका कोपऱ्यावर पेन ठेवून म्हणाले. "हे रिचार्ज मारतात पण वापर शून्य. एक मिनिट बोलत नाहीत, मेसेज नाही, काही नाही. कपाटात पडलेले फोन. यांना एक एसएमएस टाकायचा आणि विषय संपला. कुलूप लावलेल्या खोल्या आहेत त्या, आत कोणी राहत नाही."

मी वहीत लिहीत होते, ते तिथेच थांबलं. कारण मिस्ड कॉलला मिनिटं लागत नाहीत. उचललाच नाही तर वापर कसला? दिवसभर गळ्यातला फोन दाबणारी माझी आई आमच्या कंपनीच्या हिशेबात कुलूप लावलेली खोली होती. आणि विक्रोळी पुढच्याच टप्प्यात होती. एसएमएस येणार, तो तिला वाचता येणार पण कोणाला सांगता येणार नाही, आणि एका सकाळी ती दोनचं बटन दाबून धरेल आणि काहीच होणार नाही.

मीटिंग संपल्यावर मी सरांना गाठलं आणि सगळं एका दमात सांगितलं, मिस्ड कॉल, स्ट्रोक, खणाची पिशवी, सगळं. सरांनी पेन काढलं. मग म्हणाले, "आईचा नंबर दे. आजच करून टाकू."

मी लगेच दिला. बरं वाटलं. खाली येऊन चहा घेतला तेव्हा डोक्यात आलं की आईची मुलगी या ऑफिसात आहे म्हणून आईचं झालं. परत वर गेले.

"सर, न उचललेल्या कॉलची पण आपल्या स्विचवर, म्हणजे कॉल जोडणाऱ्या मशीनवर, नोंद राहते ना? कपाटातला फोन कॉल लावत नाही. शून्य वापरवाल्यांमधून रोज कॉल लावणारे वेगळे काढू या?"

"मिस्ड कॉलचे आपल्याला पैसे येतात का?"

"नाही."

"मग?"

"मग काय सर. माणूस राहतो आत."

सर म्हणाले, "विक्रोळीपुरतं बघ. तुझं रोजचं काम सांभाळून."

बघितलं तर बरेच निघाले. मी स्वतः फोन केले त्यांना. एक वॉचमन होते, ते बायकोला ड्युटीवर पोचलो म्हणून एक रिंग द्यायचे. एक काकू चार घरी काम करायच्या आणि प्रत्येक घरातून निघताना पुढच्या घराला मिस्ड कॉल. त्यांनी तर माझा फोन दोनदा कापला, त्यांना वाटलं मी पण मिस्ड कॉलच देतेय. मग आमचा बाहेरच्या देशातल्या टीमशी कॉल होता, त्यात मी हे सांगितलं, तर जकार्ताची एक मुलगी म्हणाली की तिची आजी अगदी हेच करते, आणि मनिलावाला हसत म्हणाला, आमच्याकडे तर यावर भांडणं होतात. इतक्या लांबचे लोक, आणि आमच्याच घरातले वाटले. सर शेवटी म्हणाले, "चांगलं आहे. हे लोक आज बटनवाला फोर-जी घेतील, उद्या व्हिडिओ बघतील. वाढायला जागा आहे इथे." मला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, अजून कळलेलं नाही. पण त्या सगळ्यांच्या घरी माणूस गेला.

आईला मीच नवीन फोन नेऊन दिला. बटनवालाच, पण फोर-जी. दोनच्या बटनावर लाल नेलपॉलिश लावलं, तीनवर गुलाबी. तिने हातात धरून वजन केल्यासारखं केलं, लांब अं केलं आणि पिशवीत टाकला. जुना तिने उशीखाली ठेवला, सिम काढलेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पप्पांना मिस्ड कॉल गेला नाही. जेवणाची वेळ टळली तरी नाही. पप्पांनी एक रिंग दिली, उत्तर नाही. सुपरवायझरला न विचारता ते निघाले, रिक्षा मिळेना म्हणून हायवेच्या कडेने चालत, पळत घरी. दार उघडलं तर आई खाली बसून डाव्या हाताने मटार सोलतेय, आणि पप्पांकडे रागाने बघतेय.

झालं होतं असं की पप्पांनी नुकत्याच मारलेल्या रिचार्जबरोबर त्यांच्या नंबरवर फुकटची कॉलर ट्यून लागली होती. कुठलं तरी बटन त्यांनी कधीतरी दाबलं असणार. आईने तीन दाबलं की ट्रिंग ऐकू यायच्या जागी ढोल-ताशे आणि कोणीतरी गातंय. तिला वाटलं चुकीच्या ठिकाणी लागला, पप्पांकडे वाजायच्या आधीच तिने बंद केला. परत लावला, परत ढोल. आणि पप्पांची रिंग आली तेव्हा फोन गळ्यात नव्हता, वैतागून तिने तो पलंगावर फेकला होता.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा पप्पा गॅलरीत बसले होते. शर्ट अजून घामाचाच.

"तुमची कंपनी," ते म्हणाले, "गाणी वाजवते होय?"

"काढते पप्पा. आत्ता काढते."

"मला वाटलं..." म्हणाले. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, ते बघत राहिले. आतून आईने मटाराचं भांडं जोरात ओट्यावर ठेवलं, तेव्हा उठले.

ट्यून काढली. मग हळूहळू बसलं सगळं. एक रिंग, दोन रिंगा. विक्रोळीतलं जुनं नेटवर्क बंद झालं त्या दिवशी आमच्या घरात काहीच झालं नाही, आणि मी ऑफिसात बसून तेवढ्याचीच वाट बघत होते, की काही होऊ नये.

मग एका दुपारी मी कामात होते, कानात ऑफिसचा नवीन हेडसेट, माझ्या मोबाईलला जोडलेला, आणि तो आपोआप फोन उचलतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईची एक रिंग आली आणि कानात एकदम घर सुरू झालं. पंख्याची टकटक, शेजारच्यांचा कुकर, खाली भंगारवाला. आणि तिचा श्वास. ती पण घाबरली असणार, आमच्याकडे असं कोणी करत नाही. माझ्या तोंडावर "ठेव, ठेव" आलं होतं.

"आई," मी म्हटलं, "चालू दे. पैसे नाही लागत."

 तिने कापला नाही. मी हळू आवाजात सांगत सुटले, ऑफिसात कोण काय करतंय, आज डब्यातली भाजी कशी खारट झाली होती, कँटीनवाला कोणाशी भांडला. आणि एका ठिकाणी ती हसली. मग अं केलं. आधी ब्लाऊजवाल्या बायकांना मध्ये मध्ये "हो का, मग गं?" करायची ना, ते ज्या जागी यायचं बरोबर त्याच जागी. स्ट्रोकनंतर तिला फोनवर कोणी काही सांगितलंच नव्हतं. ती बोलू शकत नाही म्हणून सगळ्यांनी फोन करणं सोडलं होतं, मी पण. ऐकायला ती होतीच की.

तेव्हापासून ती दुपारी मला लावते आणि कापत नाही. आत्याला पण मी सांगितलं, मामाला पण. आत्या तर सुटलीच. पप्पांना मात्र अजून एकच रिंग. त्यांना म्हटलं, "उचला ना, फ्री आहे," तर म्हणाले, "कशाला? कळलं ना मला, ठीक आहे ती."

परवा मला निघायला उशीर झाला होता आणि आईचा फोन चालूच होता. मी टाईप करत होते, ती बहुतेक भाजी निवडत होती. कानात दार वाजलं, चपला निघाल्या, पप्पा आले. फोन चालू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. पाणी प्यायले आणि बोलायला लागले. स्टोअरमधलं, सुपरवायझरचं, बिल्डरच्या कागदावर सही करायची की नाही त्याचं, मग गावच्या घराचं, आणि मग मला कधीच न सांगितलेलं काहीतरी, त्यांना भीती वाटते त्याबद्दल. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मध्ये मध्ये आईचा अं.

मी फोन ठेवला.