आत आनंदाची बातमी!

ट्रेव्हर सग्डनला कुणी "एक आनंदाची बातमी आहे" असं म्हटलं, की तो धास्तावायचा. इतरांचे चेहरे अशा वेळी खुलतात; हा गडी आधी टेकायला खुर्ची शोधायचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सँड्राने स्वयंपाकघरात त्याचा हात धरून, लाजत, हेच शब्द उच्चारले, तेव्हा तो पांढराफटक पडला आणि म्हणाला, "काय बंद पडतंय?" बिचारी गरोदर होती. तिने हा किस्सा पुढे आयुष्यभर बॅटली गावात घरोघरी सांगितला, आणि दर वेळी त्यात ट्रेव्हर थोडा जास्तच पांढरा व्हायचा.

या खोडीचं मूळ होतं 'बीकन' नावाच्या, मुलांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात. सत्तरच्या दशकात, ट्रेव्हर शाळकरी असताना, दर शनिवारी इलिंगवर्थबाईंच्या पेपरच्या दुकानात ते यायचं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'सग्डन' लिहून बाई अंक बाजूला काढून ठेवायच्या. कागद असला भिकार, की दोन पानं उलटली की बोटं काळी. रंग फक्त मुखपृष्ठाला. आत सगळं काळंपांढरं, आणि मालकांना फारच उमाळा आला तर एखाद्या पानावर हिरवा, तोही रेघेबाहेर सांडलेला. अमेरिकेतले महाबली त्यात तुकड्यातुकड्यांनी भेटायचे. तिकडच्या पोरांनी एका बैठकीत संपवलेली मारामारी इकडच्या पोरांना तीन-तीन आठवडे पुरवून वाढली जायची.

पण ट्रेव्हरचा जीव जडला होता तो घरच्या कॅप्टन क्वार्ट्झवर. हा जवळच्याच हॅलिफॅक्स गावचा. मुठी आवळल्या की अंगाची गारगोटी व्हायची, मग तो रणगाडे अडवायचा, धरणं पेलून धरायचा, आणि सगळं उरकलं की मावशीकडे चहाला जायचा. उडता येत नव्हतं, म्हणून बसने जायचा. बस चुकली की जग धोक्यात. ट्रेव्हरला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. त्याच्याही बस चुकायच्याच.

आणि मग एका शनिवारी मुखपृष्ठावर पिवळी पट्टी झळकली: 'सर्व वाचकांसाठी आत आनंदाची बातमी!'

झालं! फुकटची भेट असणार, ट्रेव्हरने ठरवूनच टाकलं. मागे एकदा अंकाला चिकटपट्टीने लावलेला पुठ्ठ्याचा फटाका मिळाला होता, त्याने आजोबांची दुपारची झोप कायमची उडवली होती. आता तर त्याहून मोठं काहीतरी! अंक न उघडताच तो गल्लीभर सांगत सुटला. आठ-दहा पोरं जमा करून पायरीवर बसला, आणि सगळ्यांसमोर पान उघडून मोठ्यांदा वाचायला लागला. पुढच्या आठवड्यापासून आपला लाडका 'बीकन', धडाकेबाज 'स्टॅलियन'मध्ये सामील होत आहे! एकाच्या किमतीत दोन!

"म्हणजे 'बीकन' बंद," शेजारचा कीथ म्हणाला. कीथ तेव्हापासूनच असा होता.

"सामील होतोय असं लिहिलंय!"

"माझ्या भावाचं साप्ताहिक असंच सामील झालं होतं. बघ आता गंमत."

गंमत अशी झाली, की नव्या अंकावर 'स्टॅलियन' ठळक अक्षरांत आणि त्याच्या पोटाशी 'बीकन' मुंगीएवढा. कॅप्टन क्वार्ट्झला आधी चार पानं मिळाली, मग दोन, मग एक, तेही फुटबॉलच्या गोष्टीनंतर. आणि एका शनिवारी शेवटच्या चौकटीत तो मावशीला म्हणाला, की मी ऑस्ट्रेलियाला विश्रांतीसाठी जातोय. अख्खी धरणं पेलणारा माणूस, विश्रांतीला! ट्रेव्हर परसातल्या कोळशाच्या खोलीत जाऊन रडला. कीथला मात्र डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं.

पुढे आयुष्यानेही त्याच छापखान्यातून बातम्या पाठवल्या. तो ब्लँकेटच्या गिरणीत लागला. गिरणी ड्यूजबरीच्या गिरणीत 'सामील' झाली, फाटकावर आनंदाची सूचना लागली, आणि वर्षभरात ट्रेव्हर घरी. तो गावच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचा, ते भलंमोठं पितळी वाद्य. बँड दुसऱ्या बँडमध्ये सामील झाला, पण त्यांच्याकडे युफोनियमवाला आधीच होता. ट्रेव्हर आधी मागच्या रांगेत गेला, मग खांबाआड, आणि शेवटी दारात सोडतीची तिकिटं विकायला. सँड्रा म्हणायची, "अहो क्वार्ट्झसाहेब, ऑस्ट्रेलियाला कधी निघताय?"

आता सँड्राही नव्हती. तिच्यामागे ट्रेव्हरने 'बीकन'चे जुने अंक जमवायचा सपाटा लावला होता. जत्रा, जुने बाजार, कुणाचे माळे, काही सोडलं नाही. लेकीच्या रिकाम्या खोलीत पलंगावर अंक, पलंगाखाली अंक, कपाटात अंक. खिडकी उघडायची सोय उरली नव्हती.

आणि गुरुवारी त्या लेकीचा, हेलीचा, फोन आला. आवाज जरा जास्तच आनंदी. "बाबा, एक छान बातमी आहे. रविवारी जेवायला येते, तेव्हा सांगते."

ट्रेव्हर टेकला. मग तडक कुंपणाशी जाऊन कीथला हाक मारली.

"सरळ आहे," कीथ म्हणाला. "तुला हॅरोगेटला तिच्या घरी नेणार. एवढं मोठं घर, वर डंकन जावईबापू पैसेवाला. तू आता सामील होणार, ट्रेव्ह."

"मी कुठंही जात नाही."

"अरे, तिकडे चहाला बशी देतात म्हणे, बड्या लोकांसारखी!"

"खड्ड्यात गेली बशी."

ट्रेव्हरला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. पहिला महिना दिवाणखान्यातली खुर्ची. मग "बाबा, आज डंकनचे पाहुणे आहेत, वर बसतोस का जरा?" मग गॅरेजवरची खोली. मग विश्रांती. तीन दिवस तो आरशासमोर भाषण घोकत होता. या घरात सँड्रा होती, तिच्या हातचे पडदे होते. इथे तो कुणाच्या पोटातलं मुंगीएवढं नाव नव्हता. हे घर सुटलं, तर आपण संपलो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी हेली आली. ट्रेव्हरने मांस भाजलं होतं. त्यासोबतचं पिठाचं पुडिंग मात्र फुगायचं सोडून ताटलीत बसकण मारून बसलं होतं. हेलीने तेही निमूट खाल्लं. एरवी तिने त्यावर दहा टोमणे मारले असते, पण भाषण विसरू नये या धास्तीत असलेल्या माणसाला ते कुठून कळणार?

"बाबा, ती बातमी..."

"थांब! आधी मी." ट्रेव्हर उभा राहिला. काटा हातातच. "तुझा हेतू चांगला आहे, पोरी, पण मी सामील होणार नाही. आधी चार पानं देतात, मग दोन, मग एक. तुझ्या आईने हे घर उभं केलं. मला बशी नको नि हॅरोगेट नको. मी छोटा असेन, भिकार कागदावरचा असेन, पण मी चालू आहे. अजून चालू आहे, सांग तुझ्या नवऱ्याला!"

हेली हसली, अगदी सँड्रासारखी, मान मागे टाकून. हसता हसता तिला थांबता येईना, आणि ट्रेव्हरच्या लक्षात आलं की हे हसणं नाही.

"बाबा, तू नाही रे... बंद पडलंय ते माझं. डंकन मला टाकून गेला. जानेवारीतच गेला. घर विकायला काढलंय."

"जानेवारीत? आणि तू... फोनवर तर छान बातमी म्हणालीस!"

"दुसरं काय म्हणू? खरं बोलले असते तर फोनवरच रडले असते." तिने रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा टेबलावरच्या फडक्यानेच नाक पुसलं. "मी इकडे येऊ का राहायला? थोडे दिवस. माझी खोली असेल ना अजून?"

ट्रेव्हरने काटा खाली ठेवला. "आहे ना," तो म्हणाला. "आहे की. जरा आवरायची आहे, एवढंच."

तो जिना चढून वर आला. खोलीच्या दारात उभा राहून त्याने पलंगावरचा पहिला गठ्ठा उचलला, मग दुसरा. खाली हेली नळाखाली भांडी विसळत होती. कित्येक दिवसांत त्या घरात दुसऱ्या कुणाच्या हातून भांडं वाजलं नव्हतं. लेकीचा संसार मोडला होता, ती खाली एकटीच डोळे पुसत होती, आणि तिच्या बापाला इतका आनंद झाला होता की त्याला स्वतःचीच लाज वाटली. तोंडावरचं हसू जाईपर्यंत तो खाली उतरला नाही.