उर्दू शाबूत, मराठी गायब

त्या वर्षी पत्रिकांची कामं कमीच होती. कापूस बोंडअळीनं नेला की पहिली काटछाट लग्नाच्या खर्चात होते. दुकानात येणारा माणूस सगळ्यात हलका कागद कोणता, तेच आधी विचारायचा. अकोल्याच्या जठारपेठेत आमचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. मी टायपिंग करायची, नवरा मागच्या खोलीत छपाई बघायचा.

एका सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर आदल्या दिवशी तयार केलेल्या पत्रिकेत मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी. अँटिव्हायरसचं अपडेट आपोआप उतरलं होतं आणि त्यानं आमचा मराठी फॉन्टच व्हायरस समजून पुसून टाकला होता. सीडीवरून परत टाकला, की परत पुसायचं. अँटिव्हायरस काढायला गेले तर पासवर्ड मागे. पासवर्ड होता अँटिव्हायरस बसवून देणाऱ्याकडे, आणि त्याचा फोन सतत बिझी. असणारच. गावातल्या निम्म्या दुकानांत त्यानंच बसवलं होतं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मैडम, आपका सिस्टम पूरी तरह सुरक्षित है."

"अहो, सुरक्षित आहे, पण अक्षरं कुठं आहेत?" मी मराठीतच ओरडले. तिनं रिस्टार्ट करायला सांगितलं. तेवढं सोडून सकाळपासून मी दुसरं काय करत होते?

दुपारी पत्रिकेचे मालक आले. जवळच्या गावचे शेतकरी, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मुलीचा निकाह तोंडावर आला होता. त्यांनी स्क्रीन बघितली.

"उर्दू तं बराबर हाये. मराठीच काहून रुसली?"

पत्रिका एका बाजूनं उर्दू, दुसऱ्या बाजूनं मराठी होती. उर्दूचं सॉफ्टवेअर वेगळं होतं, त्याला काही झालं नव्हतं. एकाच बाजूनं छापू का, असं मी भीतभीत विचारलं.

"माह्या गावात उर्दू वाचनारे चारच घरं हायेत, बाई. बाकीच्यायले काय कोरा कागद देऊ?"

अमरावतीला माझी मैत्रीण एका कोचिंग क्लासचे पेपर टाइप करायची. पेपर फुटू नयेत म्हणून तिथल्या सरांनी तिच्या कॉम्प्युटरला इंटरनेटच दिलं नव्हतं. तिला फोन केला. मराठी शाबूत होती. लगेच बस पकडली. तिच्या शेजारी बसून मजकूर वाचून दाखवला, छपाईची प्लेट ज्यावरून बनते त्या बटर पेपरवर प्रिंट काढली. परतताना मूर्तिजापूरला अशी गर्दी चढली, की ती गुंडाळी डोक्यावर धरून मी अकोल्यापर्यंत उभ्यानं आले.

दुसऱ्या दिवशी चाचांनी ओळींवरून बोट फिरवत सगळं वाचलं. "झकास. फक्त जेवनाची जागा बदलली. हॉल नाई करत आता, शायेच्या मैदानात ठेवलं."

"चाचा, हे काल नाही का सांगायचं!"

"काल ठरलंच कुठं होतं? राती ठरलं."

त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटले मला. जुन्या कामांचे बटर पेपर काढून नवरा ब्लेडनं शब्द कापायला बसला. 'शाळेच्या' मिळालं एका स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणातून, 'मैदानात' कबड्डीच्या पत्रकातून. दोन्ही शब्दांचा आकार वेगळा. चिकटवल्यावर ओळ तिरकी दिसायला लागली. मला लाज वाटत होती.

चाचांनी कागद उजेडाकडे धरला. "लंगडून राहिली थोडी. पन मानूस जाते शायेतच. छापा."

छापलं. फॉन्ट परत आला तो पत्रिका वाटून झाल्यावर, कंपनीच्या आणखी एका अपडेटनं. मग तो बसवून देणारा उगवला आणि मलाच म्हणाला, "ताई, अपडेट मात्र बंद करू नका."

तो गेल्यावर नवऱ्यानं इंटरनेटची वायर उपटली आणि कपाटात ठेवून दिली. मेलवर मजकूर पाठवणारी गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. त्यावरून आमचं पुढं कितीतरी दिवस वाजत राहिलं.