खडीवाचून डांबर

दांडी गावच्या विश्रामने अर्ध्या तालुक्याचे रस्ते केले, पण डांबराची ओळख त्याची त्याही आधीची. बाप होड्यांना डांबर फासायचा. फासण्याआधी मालकाला बोलावून फळी न् फळी ठोकून दाखवायचा, कारण एकदा काळं चढलं की आतली कीड देवालासुद्धा दिसायची नाही.

विश्राम पुढे रस्त्याच्या टोळीत मुकादम झाला. तिथल्या एका इंजिनियरने त्याला सांगितलं, "खडीच्या रस्त्याला मेकाडम मेकाडम काय म्हणतोस? मॅकॅडम हे माणसाचं नाव! त्या साहेबाच्या रस्त्यात डांबराचा थेंब नव्हता. फोडलेली खडी, थरावर थर, बस्स. डांबर म्हणजे टार, ते मागाहून आलं; दोन्ही जोडून झालं टारमॅक." झालं! विश्रामने ही गोष्ट प्रत्येक नव्या गड्याला कान किटेपर्यंत ऐकवली. सगळ्यात जास्त ऐकली ती सख्ख्या पुतण्याने, भाग्येशने.

आता भाग्येश ठेकेदाराकडे सुपरवायझर. किनाऱ्याकडचा रस्ता निघाला, तर आड आलं शेजारच्या रखमाचं मासळी वाळवायचं खळं. बाई ढिम्म हलेना. शेवटी विश्राम स्वतः गेला. "वैनी, माझा पुतण्या करतो हाय. भर पावसात टेम्पो दारात येल. माझा शब्द." तिने अर्धं खळं सोडलं.

काम निघालं तेव्हा विश्राम केळव्याला लेकीकडे. थांबायला नको होतं का? पण घरच्याच पोरावर कसली पाळत ठेवायची! परतला तेव्हा रस्ता काळाकुळकुळीत, आणि शहाण्या विश्रामने आळीत पेढे वाटले.

पंधराव्या दिवशी बर्फाच्या टेम्पोचं चाक रुतलं. विश्रामने कडेला बोटं घातली, तर अख्खा पापुद्रा हातात आला. खाली खडी नाहीच, नुसती माती. त्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

"खडी कुठं हाय रे?"

भाग्येशने मोबाईलमधून मान वर केली नाही. "काका, खाली काय लागतं ते या गावात तुमालाच म्हाईत. म्हणून तर तुमी केळव्याला गेल्यावर काम काढलं."

केसाने गळा कापला, तोही घरच्याने. विश्रामला रडूच कोसळलं असतं, पण रखमा टोपली घेऊन तिथेच उभी होती.

"भावजी, डांबर टाकायच्या आदी तुमी बघितलं व्हतं ना?"

"नाय," विश्राम म्हणाला.

"मंग मी खळं दिलं कोणाला?"